‘ज्याची त्याची नीती’ म्हणणाऱ्याशी धर्मग्रंथ बाजूला ठेवून वाद कसा घालायचा?

प्रश्न : वाचनगट

आमच्या वाचनगटात नैतिक सापेक्षतावादावर, म्हणजे चूक-बरोबर हे समाजागणिक बदलतं या मतावर, दोन बैठकी घ्यायच्या आहेत. चर्चा हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरलं आहे : जातपंचायत एका कुटुंबाला वाळीत टाकते. मुलीने जातीबाहेर लग्न केलं, म्हणून त्या घराशी बोलणं बंद, लग्नकार्याचं आवतण बंद, मयताला खांदा द्यायलाही कुणी येत नाही. महाराष्ट्राने २०१६ साली याविरुद्ध कायदा केला, तो २०१७ पासून लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा काय म्हणतो हा आमचा प्रश्नच नाही. हे चूक आहे असं म्हणायला धर्मग्रंथाबाहेर कोणता आधार आहे, हा प्रश्न आहे.

दोन आक्षेप नक्की येणार. पहिला : ‘तो त्यांच्या समाजाचा नियम आहे. बाहेरच्यांनी त्याला चूक म्हणणं म्हणजे आपली नीती दुसऱ्यावर लादणं.’ दुसरा उलट्या दिशेने : ‘देव मानत नसाल तर चूक-बरोबर ही नुसती आवडनिवड. मग कशाच्या जोरावर दुसऱ्याला सांगणार?’

यात नेमकं कुठे चुकतं? आणि या उदाहरणाला पायरीपायरीने लावून दाखवता येईल अशी इहवादी, म्हणजे देवाधर्माचा आधार न घेणाऱ्या, नीतीची काही पद्धत आहे का? ती जिथे अडते तेही सांगा. गटात वकील आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. गुळगुळीत उत्तरावर कुणी थांबणार नाही.

प्रतिसाद १ : अन्वय

पहिल्या आक्षेपात तीन निरनिराळी विधानं एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. आधी ती सोडवा.

पहिलं विधान वस्तुस्थितीचं : समाजासमाजांच्या नैतिक समजुती वेगळ्या असतात. याचा जुना दाखला प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या इतिहासाच्या तिसऱ्या भागात आहे. पर्शियाचा राजा दरायस आपल्या दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं मांस खाल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग कल्लाती नावाच्या लोकांना, ज्यांच्यात मृत वडिलांचं मांस खाण्याची रीत होती, तो विचारतो, किती घेऊन वडिलांचं प्रेत जाळाल? ते ओरडून म्हणतात, असलं अभद्र बोलूही नका. हा दाखला सापेक्षतावादी मंडळी हटकून देतात. पण नीट पाहिलं तर दोन्ही पक्षांना वडिलांच्या देहाचा मान राखायचा आहे. वाद आहे तो मान कसा राखावा यावर. म्हणून मतभेदाचं कोणतंही उदाहरण पुढे आलं की आधी तपासायचं : हा मतभेद माहितीबद्दल आहे, परिस्थितीमुळे आहे, की मूल्याबद्दल? पहिल्या दोन प्रकारांतली उदाहरणं सापेक्षतावादाच्या उपयोगाची नाहीत. यादीतली बरीच उदाहरणं इथेच गळतात. सगळी मात्र गळत नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य करा.

दुसरं विधान सत्याबद्दलचं : अमुक कृत्य चूक आहे हे त्या त्या समाजापुरतंच खरं किंवा खोटं असतं. पहिल्यातून हे आपोआप निघत नाही. देवीचा रोग कोपामुळे होतो की विषाणूमुळे, यावरही मतं भिन्न होती. म्हणून त्याचं कारण समाजागणिक बदलत नव्हतं. यावर कुणी म्हणेल की तिथे सूक्ष्मदर्शक आहे, इथे काय आहे? हा खरा प्रश्न आहे आणि त्याला वेगळं उत्तर द्यावं लागतं. पण ‘मतं वेगळी, म्हणून सत्य नाही’ ही उडी तेवढ्याने सिद्ध होत नाही.

तिसरं विधान वागण्याबद्दलचं : म्हणून कुणी दुसऱ्याच्या नीतीत ढवळाढवळ करू नये. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७२ साली दाखवून दिलेली विसंगती इथे आहे. ‘लादू नये’ हा नियम बोलणारा सगळ्याच समाजांना लावतो. म्हणजे निदान एक नियम तरी तो समाजनिरपेक्ष मानतो. आणि एखाद्या समाजाची नीतीच ‘इतरांवर लादा’ अशी असेल, तर सापेक्षतावादाने तिलाही त्या समाजापुरतं बरोबर म्हणावं लागतं. सहिष्णुता हवी असेल तर सापेक्षतावाद हा तिचा फार कच्चा आधार आहे.

पण तुमच्या उदाहरणात सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा मुद्दा वेगळाच आहे. ‘त्यांच्या समाजाचा नियम’ म्हणताना त्यांच्या म्हणजे कुणाच्या? वाळीत पडलेली मुलगी त्याच समाजाची आहे. तिचे आईवडील त्याच समाजाचे आहेत. त्यांचं मत त्या समाजाचं मत नाही, आणि पंचांचं मात्र आहे, हे कुणी ठरवलं? नियम कुणी केला, तो करताना कुणाला बोलू दिलं, बाहेर पडायची वाट आहे का आणि असल्यास तिची किंमत काय, एवढं विचारलं की ‘समाजाची नीती’ ही एकसंध वस्तू उरत नाही. शिवाय एकच माणूस जातीचा असतो, गावाचा असतो, कामगार संघटनेचा असतो, देशाचा नागरिक असतो. यांतल्या कुठल्या गटाचा नियम त्याच्या बाबतीत अंतिम? सापेक्षतावादाकडे याचं उत्तर नाही, आणि उत्तर नसलं की व्यवहारात ज्याच्या हातात काठी त्याचा नियम चालतो.

एक भर. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याची तयारी चालू असताना अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने निवेदन काढून तो पाश्चात्त्य मूल्यांचा जाहीरनामा होईल असा इशारा दिला होता. मसुद्यामागे मेल्व्हिल हर्सकोवित्स होते. वसाहतवादाच्या त्या काळात ती भीती निराधार नव्हती. पण त्याच संघटनेने १९९९ साली मानवी हक्कांच्या बाजूने स्वतःची घोषणा केली. आणि ‘सगळं पश्चिमेचं’ म्हणणाऱ्यांना हेही सांगा की जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात सर्व पुरुषांऐवजी सर्व मानव अशी शब्दरचना आली ती भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे.

प्रतिसाद २ : निकष

दुसऱ्या आक्षेपापासून सुरू करतो, कारण तो लवकर आटोपतो. प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ संवादातला प्रश्न विचारा : देवाने सांगितलं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवाने सांगितलं? पहिला पर्याय घेतला तर देव उद्या क्रौर्याची आज्ञा करील आणि क्रौर्य चांगलं ठरेल. दुसरा घेतला तर चांगलेपणाचं कारण देवाच्या आज्ञेबाहेर आहे, आणि मग ते श्रद्धा नसलेल्यालाही शोधता येतं. देवाचा स्वभावच चांगला आहे, असं उत्तर येईल. तेव्हा विचारा की तो चांगला आहे हे कशावरून ओळखलं. जी कसोटी ते सांगतील ती आपल्याला हवी आहे. शिवाय ग्रंथातलं कुठलं वचन आज पाळायचं आणि कुठलं सोडायचं हे श्रद्धावानही कुठल्या तरी कसोटीवरच निवडतो.

इहवादी बाजूची एक घाईही आधीच सांगून ठेवतो : ‘विज्ञानाने नीती सिद्ध होते.’ होत नाही. तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९-४० च्या ग्रंथात दाखवलं की ‘आहे’ अशा विधानांतून ‘असावं’ असं विधान काढायला मध्ये एक मूल्यविधान लागतंच. बहिष्काराने माणूस खचतो हे मानसशास्त्र सांगेल. माणसाला असं खचवू नये, हे आपल्याला वेगळं मांडावं लागेल.

आता पद्धती.

उपयुक्ततावाद घ्या : ज्याने एकूण सुख वाढतं आणि दुःख घटतं ते योग्य. त्याचा प्रवर्तक बेंथॅमने १७८९ साली सुखदुःख मोजायला सात बाजू दिल्या : तीव्रता, कालावधी, खात्री, जवळीक, त्यातून पुढे तसंच सुख किंवा दुःख उपजण्याची शक्यता, निर्भेळपणा आणि किती जणांवर परिणाम होतो ती व्याप्ती. समजा चारशे घरं आहेत आणि एक घर वाळीत आहे. त्या घराचं दुःख तीव्र आणि लांबणारं, पण बाकीच्या घरांना नियम टिकल्याचं थोडं थोडं समाधान. बेरीज कुठल्याही बाजूला झुकू शकते, आणि इथेच पद्धत मोडते : माणसांची संख्या पुरेशी वाढवली की एका घराला चिरडणं योग्य ठरतं. यावर उपयुक्ततावादी म्हणतात की एकेका कृत्याची बेरीज करू नका, नियमाची करा. वाळीत टाकण्याची मुभा असलेल्या समाजात प्रत्येकजण भीतीत जगतो, ती भीतीही हिशोबात धरा. याने बरंच सावरतं. तरी अल्पसंख्याकाचं संरक्षण बेरजेच्या निकालावर टांगलेलं राहतं, हे खटकतंच.

जर्मन तत्त्वज्ञ कांट, १७८५. पायऱ्या अशा : आपण कोणत्या तत्त्वाने वागतोय ते एका वाक्यात लिहा, तेच सर्वांचा नियम झाल्याची कल्पना करा, मग त्यात विसंगती येते का किंवा असं जग आपण विचारपूर्वक इच्छू शकतो का ते पाहा. गटात हे करताना गडबड पहिल्या पायरीवर होते. ‘आमच्या पंचायतीने अमुक साली अमुक घराला वाळीत टाकावं’ असं तत्त्व लिहिलं की ते सर्वांना लावूनही काही बिघडत नाही, कारण त्यात एकच प्रसंग बसतो. म्हणून विशेषनामं आणि तारखा काढून, कृतीमागचा खरा हेतू ठेवून लिहायला लावा : ‘कुणी स्वतःच्या आयुष्याचा निर्णय आमच्या मर्जीबाहेर घेतला, तर त्याचे सगळे आधार तोडून त्याला वाकवायचं.’ हे जग आपल्याला हवं का, असं पंचांनी स्वतःला विचारलं की उत्तर बदलतं, कारण पंचही कधी तरी कुणाच्या तरी मर्जीबाहेर जाणारच असतो.

अमेरिकन तत्त्वज्ञ रॉल्स, १९७१ : नियम ठरवताना आपण त्या समाजात कोण म्हणून जन्मणार हे आपल्याला ठाऊक नाही, जणू मध्ये अज्ञानाचा पडदा आहे, असं धरा. पंच की ती मुलगी, माहीत नाही. समजावून द्यायला ही सर्वांत सोपी पद्धत. अडचण अशी की पडद्यामागचा माणूस किती धोका पत्करेल यावर निकाल फिरतो. अर्थशास्त्रज्ञ हर्सान्यी यांनी जवळपास अशाच मांडणीतून सरासरी उपयुक्ततावाद, म्हणजे माणशी सरासरी सुख वाढवणारा नियम निवडा हे मत, काढून दाखवला होता. ‘चारशेत एक घर, म्हणजे मी वाळीत पडण्याची शक्यता चारशेत एक’ असं गणित एखादा मांडेलच. त्याला उत्तर तयार ठेवा.

माझ्या मते तुमच्या उदाहरणाला सर्वांत नेमकी बसते ती अमेरिकन तत्त्वज्ञ स्कॅन्लन यांची १९९८ ची कसोटी : ज्या तत्त्वाला बाधित व्यक्ती वाजवी कारणाने नकार देऊ शकते, त्या तत्त्वावर चालणं चूक. इथे बेरीज नाही. एकेका माणसाची तक्रार सुटी मांडायची आणि दुसऱ्या एकेका माणसाच्या तक्रारीशी ताडायची. फळ्यावर तीन रकाने करा. वाळीत टाकलेल्यांची तक्रार : उपजीविका, शेजार, मयताला माणूस मिळणं, सगळं एका निर्णयासाठी काढून घेतलं. बहिष्काराला बंदी केली तर पंचांची तक्रार : परंपरेचा धाक गेला, आणि कुणाशी संबंध ठेवावा हे आमचं स्वातंत्र्यही गेलं. तिसरा रकाना लोक विसरतात, तो तिसऱ्या घराचा : त्याला त्या कुटुंबाशी बोलायचं आहे, पण बोललो तर आपल्यालाही दंड होईल किंवा आपणही वाळीत पडू.

पंचांच्या तक्रारीतला स्वातंत्र्याचा मुद्दा गंभीर आहे, तो झटकू नका. एका माणसाने दुसऱ्याला लग्नाला न बोलावणं हा त्याचा अधिकार मानावाच लागतो. पण तिसरा रकाना दाखवतो की बहिष्कार म्हणजे अनेकांनी आपापलं स्वातंत्र्य वापरणं नव्हे. ते सर्वांचं स्वातंत्र्य एका हुकुमाने काढून घेणं आहे. म्हणजे पंचांची सर्वांत बळकट तक्रार त्यांच्याच विरुद्ध जाते. निकाल इथे लागतो, आणि त्यासाठी ना ग्रंथ लागला ना बहुमत.

कसोटी जिथे अडते : एकाला वाचवायचं की पाचांना, अशा ठिकाणी संख्येला महत्त्व कसं द्यायचं हे तिला जड जातं. प्राण्यांना तक्रार मांडता येत नाही. आणि ‘वाजवी’ म्हणजे काय, हा वाद मागच्या दाराने परत येतो.

प्रतिसाद ३ : जुनी पानं

सापेक्षता विरुद्ध सार्वत्रिकता हा वाद मराठीत एकदा सर्व ताकदीनिशी होऊन गेला आहे. दुसऱ्या बैठकीला तोच घ्या.

रखमाबाईंचं लग्न वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, तो अपिलात फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम झाला. त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. अन्वय यांनी विचारलेला ‘समाज म्हणजे कोण’ हा प्रश्न इथे उघडा दिसतो : रूढीविरुद्ध बोलणारी बाई त्याच समाजातली होती, आणि स्वतःचं नाव न घालता १८८५ साली ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रं लिहून तिने आपली तक्रार कारणांसह मांडलीही होती.

मग संमतिवयाचं बिल. मुलीशी, ती बायको असली तरी, शरीरसंबंध कोणत्या वयाखाली गुन्हा ठरतो याची मर्यादा १८६० च्या दंडसंहितेत दहा वर्षांची होती. बंगालमध्ये फुलमणी दासी ही मुलगी १८९० च्या सुमारास नवऱ्याच्या संभोगामुळे मरण पावली; ती दहाच्या वर होती, म्हणून त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा बसू शकला नाही. १८९१ च्या कायद्याने मर्यादा बारा केली. पुण्यात तीन भूमिका दिसल्या. डॉ. रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनं तपासून दाखवलं की बिलाने शास्त्राला बाध येत नाही. टिळकांचा मुख्य आक्षेप परक्या सरकारने आमच्या सामाजिक रीतींवर कायदा करण्याला होता. आगरकरांनी ‘सुधारक’मधून बिलाची बाजू घेतली ती शास्त्राची मदत न मागता, मुलीच्या देहाला आणि आयुष्याला होणारी इजा हेच त्यांना पुरेसं कारण होतं.

गटात या तिघांची मांडणी वेगवेगळी करा. भांडारकरांची वाट व्यवहारात उपयोगी, कारण श्रद्धावान माणसाला ती पटू शकते; पण उद्या उलट अर्थाचं वचन सापडलं तर ती कोसळते. टिळकांचा आक्षेप नीट वाचला तर तो सापेक्षतावाद नाहीच. लहान मुलींची लग्नं योग्य आहेत असं त्यात नाही. हुकूम करण्याचा अधिकार कुणाला, हा त्यातला प्रश्न आहे. ‘हे चूक आहे’ आणि ‘हे थांबवण्याचा अधिकार अमुकाला आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत, आणि आजच्या चर्चांमध्येही ती सतत एकमेकांत मिसळतात. आगरकरांचा आधार सर्वांत भक्कम, पण त्या काळी त्यांच्यामागे माणसं सर्वांत कमी होती.

प्रतिसाद ४ : दुसरी बाजू

वरच्या तिन्ही प्रतिसादांत सापेक्षतावादाचं सर्वांत कच्चं रूप पाडलं आहे. जाणकार सापेक्षतावादी असं बोलत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड वाँग यांची मांडणी पाहा. त्यांच्या मते माणसांनी एकत्र राहावं आणि प्रत्येकाचं जगणं काही एका पातळीवर पोसलं जावं हे नीतीचं काम आहे. मानवी स्वभाव आणि हे काम मिळून काही नीती बाद ठरवतात. तरीही एकापेक्षा जास्त नीती शिल्लक राहतात, आणि त्यांच्यात कुठली एकच खरी हे ठरवायला तटस्थ जागा नाही. म्हातारे आईबाप आणि स्वतःचं स्वप्न यांत कुठे रेष ओढायची, याला दोन समाज दोन उत्तरं देतील आणि दोन्ही टिकण्याजोगी असतील. मला ही भूमिका बरोबर वाटते. वाळीत टाकणं तिच्याही चाळणीत बाद होतं. पण म्हणून प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर आहे, असं गटाला सांगू नका.

आपल्याकडच्या परंपरेतही दोन थर आहेत. देशधर्म, जातिधर्म, कुलधर्म हे बदलते, आणि त्यांच्याबरोबर सर्वांना लागू असा सामान्य धर्म. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह हे चारही वर्णांना सांगितले आहेत. त्याच ग्रंथात माणसामाणसांत केवढा भेद केला आहे हेही सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे हा आधार म्हणून मी देत नाही. ‘सार्वत्रिक नीती ही कल्पनाच परकी’ या म्हणण्याला उत्तर म्हणून देतो.

आणि इहवादी बाजूची मोठी उणीव प्रेरणेची आहे. कसोटीने चूक कळली, म्हणून माणूस का थांबेल? बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात धम्माच्या केंद्रस्थानी ईश्वर नाही, नीती आहे. पण नुसती नीती पुरत नाही, ती पवित्र आणि सार्वत्रिक असली पाहिजे, असंही तिथे मांडलं आहे. कारण नेमकं तुमच्या उदाहरणाचं आहे. गटाची नीती गटाच्या आतल्यांनाच सांभाळते. चोरांच्या टोळीतही आपसांत इमान असतं. असे आपापल्या नीतीचे बंद गट शेजारी शेजारी उभे राहिले की दुबळा उघडा पडतो. म्हणून सर्वांना समान असं माप हवं, आणि ते कुणाच्या सोयीने मोडता येऊ नये म्हणून पवित्र मानलेलं हवं. निकष यांच्या तीन रकान्यांमध्ये या ‘मोडता येऊ नये’ला जागा नाही.

वाचनगट

फार उपयोग झाला. दोन शंका. जैन तत्त्वज्ञानातला अनेकान्तवाद म्हणजे आपला सापेक्षतावादच, असं एक सदस्य मांडणार आहेत. आणि बैठक बांधायची कशी? सुमारे बारा जण, दीड तास.

प्रतिसाद ५ : निकष

अनेकान्तवाद वस्तूच्या अनेक बाजूंबद्दल आहे : एका बाजूने केलेलं विधान त्या बाजूपुरतं खरं, आणि ती बाजू सांगून बोलावं. त्यातून ‘कुठलंही कृत्य कुणासाठी तरी योग्य’ असं निघत नाही. तोच विचार मांडणाऱ्या जैन परंपरेत अहिंसा हे पहिलं महाव्रत आहे, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

बैठकीसाठी पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने आपलं मत आणि त्याचं एक कारण चिठ्ठीवर लिहावं, चर्चा नको. मोठ्या आवाजाच्या माणसाकडे मतं वाहत जातात ती यामुळे थांबतात. मग पंचवीस मिनिटं अन्वय यांची तीन विधानं. फळ्यावर आलेलं प्रत्येक उदाहरण माहिती, परिस्थिती की मूल्य, यांतल्या एका खणात टाका. मग चौघाचौघांचे तीन गट करून पस्तीस मिनिटं तीन रकाने भरा. प्रत्येक गटाला ज्या पक्षाशी तो असहमत आहे त्याचाच रकाना द्या, आणि पंचांचा रकाना सर्वांत चांगल्या वकिलाने भरावा. उरलेल्या वीस मिनिटांत फक्त एक प्रश्न : कुठली तक्रार दुसऱ्या बाजूला समोरासमोर सांगितली तर तिच्यापाशी उत्तर उरत नाही?

बिघडतं ते दोन जागी. संयोजक निकाल आधी सांगून टाकतो; किंवा कुणी ‘मग गर्भपात? मग मांसाहार?’ म्हणत पाच उदाहरणं आणतं आणि एकही तडीस जात नाही. दुसरं उदाहरण हवंच असेल तर पुढच्या बैठकीला धार्मिक बहिष्कार घ्या, कारण तिथे प्रश्न खरोखर कठीण होतो. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला : धार्मिक कारणाने बहिष्कृत करणं हा पंथाच्या स्वतःच्या कारभाराचा भाग, असं बहुमताचं म्हणणं. असहमत होते ते सरन्यायाधीश सिन्हा. त्या निकालाचा फेरविचार २०२३ साली मोठ्या खंडपीठाकडे सोपवला गेला. पंचांचा रकाना इथे जास्त वजनदार आहे, कारण पंथाला आपल्या श्रद्धेनुसार सभासद ठरवता आले नाहीत तर पंथ म्हणून तो उरतो का, ही तक्रार खरी आहे. पण तिसरा रकाना तेवढाच भरलेला सापडेल. सभासदत्व काढणं आणि आईला मुलाशी बोलायला बंदी करणं या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या, तर दोन्ही बाजूंच्या कुठल्या तक्रारी टिकतात ते गटालाच काढू द्या.